इंजिन स्वॅप: व्हीव्हीटी काढून कॅम फिक्स करायचा आहे

नवं इंजिन बसवतोय, पण जुना ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) व्हीव्हीटी (कॅमचा कोन बदलून व्हॉल्व्ह उघडायची वेळ पुढेमागे करणारी यंत्रणा) चालवत नाही. इनटेक कॅमच्या सोलेनॉइडचं (व्हीव्हीटीचं तेल सोडणारा इलेक्ट्रिक व्हॉल्व्ह) कनेक्शन नुसतं काढून ठेवलं तर चालेल का?

उत्तर: मी तेच केलं होतं. फेजरची (तेलाच्या दाबावर कॅमचा कोन बदलणारा भाग) लॉक-पिन झिजली आणि थंड इंजिन खडखडायला लागलं. फेजरऐवजी फिक्स स्प्रॉकेट (कोन न बदलणारं दातेरी चाक) लाव. फेजरकडे जाणारी तेलाची वाट बंद कर, पण पुढच्या कॅम जर्नलला (कॅम जिथे टेकून फिरतो तो भाग) तेल पोचतंय ना, हे नक्की बघ!

उत्तर: आधी कोन ठरव. पार्क स्थितीत (फेजर लॉक असताना) इनटेक कॅम सहसा पूर्ण रिटार्ड (उशिरा उघडणारा) असतो, खालच्या आरपीएमला दम राहत नाही. मी थोडा अ‍ॅडव्हान्स (लवकर उघडणारा) ठेवला. डिग्री व्हील (क्रँकचा कोन मोजायची चकती) लावून क्रँक हाताने 720 अंश फिरव. अडला तर जोर लावू नकोस, व्हॉल्व्ह पिस्टनला टेकलेला असू शकतो.

डिग्री व्हील आणतो. स्टार्टर तोवर जोडत नाही.