सल्ला हवा: ‘काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स’ गटात दाखवायचाय, प्रत कुठली घ्यावी?

पडदानशीन
महिनाअखेरीस आमच्या गटात ईलिंग स्टुडिओचा एक विनोदी सिनेमा ठेवायचा आहे. पंचवीसेक मंडळी असतील. वाचणारी आहेत, पण युद्धानंतरचा ब्रिटिश सिनेमा बहुतेकांनी पाहिलेला नाही. मनात रॉबर्ट हेमरचा ‘काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स’ (१९४९) आहे. पहिलाच म्हणून हा चालेल की ‘द लेडीकिलर्स’ बरा? प्रती दोन प्रकारच्या मिळतात म्हणे, त्यातली कुठली? आणि आधी किती सांगावं? सगळं सांगून मजा घालवायची नाहीये.

रीळवाला
आधी प्रतीचं बघा, बाकीचं नंतर.

मूळ ब्रिटिश सिनेमा १०६ मिनिटांचा. अमेरिकेत लागताना सुमारे ६ मिनिटं कापली आणि शेवटी काही सेकंदांचा तुकडा जोडला. तिथल्या प्रॉडक्शन कोडप्रमाणे (सिनेमात काय दाखवावं याची नियमावली) गुन्हेगार मोकळा सुटलेला दाखवता येत नसे. इथे तर नायकाने केलेल्या खुनांची कबुली देणारं त्याचं आत्मचरित्र कोठडीतल्या टेबलावर राहतं आणि सिनेमा तिथेच संपतो. पुढे काय होणार ते प्रेक्षकाने ठरवायचं. अमेरिकन प्रतीत ते बाड अधिकाऱ्याच्या हातात पडताना दिसतं. दहा-बारा सेकंदांत अख्ख्या सिनेमाचा माज उतरवलाय.

नुसती लांबी बघून प्रत ओळखायला जाल तर फसाल. युरोपातल्या जुन्या डीव्हीडी सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटींनी (फ्रेमनी) चालतात. त्यामुळे पूर्ण सिनेमाही १०२ मिनिटांच्या आत संपतो आणि कापलेल्या अमेरिकन प्रतीशी गल्लत होते. खात्रीची खूण शेवटचं दृश्य हीच. तुम्ही एकट्याने शेवटची दोन मिनिटं लावून बघा. टेबलावरच्या कागदांवर संपला तर प्रत बरोबर.

शक्यतो ब्लू-रे घ्या. त्यात २४चा वेग राहतो. २५ला आवाज साधारण पाऊण अर्धस्वराने (सेमीटोनने) चढतो, आणि नायक-निवेदक डेनिस प्राइसचा आवाज चढला की निम्मी गंमत गेली. जोन ग्रीनवूडचा घोगरा लाडिक स्वरही पातळ होतो.

तिसरी_घंटा
प्रतीबद्दल सहमत, निवडीबद्दल नाही. नवख्या गटाला मी ‘द लेडीकिलर्स’ (१९५५) दाखवीन. दीड तास, टेक्निकलर. किंग्ज क्रॉसजवळ एकट्या राहणाऱ्या म्हातारीकडे पाच दरोडेखोर वादक असल्याची बतावणी करून खोली भाड्याने घेतात. आत बोकेरिनी या संगीतकाराची तबकडी लावून ठेवतात, म्हातारी चहा घेऊन आली की घाईघाईने वाद्यं उचलतात. हे कळायला सबटायटल लागत नाही. त्याचा दिग्दर्शक मॅकेंड्रिक, त्याचा विनोद डोळ्यांना दिसतो, हेमरचा कानाने पकडावा लागतो.

‘काइंड हार्ट्स’मध्ये निवेदन जवळजवळ सलग आहे. सबटायटल वाचण्यात नजर खाली गेली की अनेक भूमिका करणाऱ्या अ‍ॅलेक गिनेसच्या चेहऱ्यावरचं निसटतं. केटी जॉन्सनला त्या म्हातारीच्या भूमिकेसाठी बाफ्टा (ब्रिटिश चित्रपट पुरस्कार) मिळालं होतं, तिच्यासाठी तरी विचार करा.

रीळवाला
मुद्दा मान्य. पण प्रश्न विचारणाऱ्याने गट ‘वाचणारा’ आहे असं म्हटलंय. शब्दांवर जीव असलेल्यांना हेमरच द्यावा. लग्नपत्रिकेच्या मजकुराइतक्या सभ्य भाषेत माणूस खुनांचा हिशोब देतोय, हे दुसऱ्या कुठल्या ईलिंगपटात नाही. ‘लेडीकिलर्स’ पुढच्या महिन्याला ठेवा.

बाल्कनी_डावीकडून
आधी काय सांगावं, तर फार नाही. पाच मिनिटांत चार गोष्टी बसतात.

शीर्षक टेनिसनच्या कवितेतून आलंय. उमरावाच्या मुकुटापेक्षा माणसाचं मन मोठं, असा आशय. नायकाचं वागणं नेमकं उलटं, म्हणून हे आधी माहीत हवं.

वारसाहक्काचा जिना समजावा. नायक लुई मॅझिनीची आई डॅस्कॉइन या ड्यूकच्या घराण्यातली, पण इटालियन गवयाशी लग्न केलं म्हणून टाकलेली. मधले सगळे डॅस्कॉइन गेले तर ड्यूकपद लुईकडे येतं. एवढं कळलं की तो घराण्याच्या झाडावर फुल्या का मारतो ते कळतं. फळ्यावर झाड काढत बसू नका, सिनेमाच ते दाखवतो.

उमरावाचा खटला हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये का चालतो, हे कुणीतरी विचारणारच. ही खरीच प्रथा होती आणि १९४८च्या कायद्याने बंद झाली. म्हणजे सिनेमा लागला तेव्हा ती जाऊन वर्षच झालं होतं. काळ एडवर्डकालीन (विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा) असला तरी टोमणा ताजा होता.

चौथी गोष्ट गिनेस. आठ डॅस्कॉइन एकटाच करतो, त्यात लेडी अगाथाही. (ओझरता दिसणारा म्हातारा सातवा ड्यूक धरला तर नऊ.) त्याला सुरुवातीला चारच भूमिका देऊ केल्या होत्या.

रॉय हॉर्निमनच्या १९०७च्या कादंबरीत नायक अर्धा ज्यू आहे, सिनेमात तो अर्धा इटालियन केला. युद्ध नुकतंच संपलेलं, तेव्हा कारण उघड आहे. हे मात्र नंतरच्या चर्चेला ठेवा.

पडदानशीन
‘काइंड हार्ट्स’ नक्की. ‘लेडीकिलर्स’ पुढच्या खेपेला. आता दोन अडचणी. पडदा ८ फूट रुंद आहे, १६:९चा. आणि मिळालेली सबटायटल फाइल सुरुवातीला जुळते, नंतर वाक्यं बोलण्याच्या आधीच येत जातात.

रीळवाला
पडदा: तुमच्या पडद्याची उंची साडेचार फूट. चित्राचं प्रमाण (उंचीच्या किती पट रुंदी) १.३७, म्हणजे चित्र साधारण ६ फूट २ इंच रुंद पडेल आणि दोन्ही बाजूंना अकरा-अकरा इंच काळं राहील. राहू द्या. ‘पडदा भरा’ दाबलंत तर ताणून सगळे डॅस्कॉइन गुबगुबीत होतील. ‘झूम’ केलंत तर वर-खाली मिळून जवळजवळ पाव चित्र जाईल. चर्चमध्ये सहा गिनेस एकाच चौकटीत बसलेत, तिथे अगाथाबाईंची टोपी कापणं पाप आहे.

त्या दृश्याबद्दल सिनेमा संपल्यावर सांगा. छायाचित्रकार डग्लस स्लोकोम्बने कॅमेरा घट्ट बांधून ठेवला, बाकीचा भाग झाकून एका गिनेसपुरती जागा उघडी ठेवली, तेवढं चित्रण केलं, फिल्म मागे गुंडाळली, गिनेसचा वेष बदलला, पुढची जागा उघडली. असं सहा वेळा. मध्ये कॅमेरा केसभर हलला असता तर सगळं फुकट, म्हणून रात्री तो कॅमेऱ्याजवळच झोपला.

सबटायटल: फाइल २५ चौकटींच्या प्रतीची आहे आणि तुमचा सिनेमा २४चा. दहा मिनिटांत साधारण २४ सेकंद, शेवटाकडे चार मिनिटांहून जास्त फरक पडेल. ‘डिले’ देऊन (सगळी वाक्यं सारख्याच वेळाने सरकवून) हे सुटत नाही, एका जागी जुळवलं की दुसरीकडे फाटतं. सबटायटल एडिटरमध्ये फ्रेम रेट २५वरून २३.९७६ (म्हणजे तुमचा २४) करा आणि पहिलं व शेवटचं वाक्य तपासा. आपोआप बनवलेली सबटायटलं नकोत, ‘डॅस्कॉइन’चं काहीही करतात.

आवाज मूळचा एकाच वाहिनीचा (मोनो) आहे. सराउंडचे इफेक्ट बंद करा, दोन्ही स्पीकर पडद्याजवळ ठेवा. निवेदनाच्या वेळी पंख्याची घरघर नको.

तिसरी_घंटा
मध्यंतर टाळा. टाळता येत नसेल तर पाद्रीपासून जनरलपर्यंतचे मृत्यू सलग जाऊ द्या, त्यांची लय एकामागून एक येण्यातच आहे. जनरलच्या स्फोटानंतर दिवे लावा. स्फोट होतो का, असं आता विचारू नका.

एक सावधगिरी. मूळ प्रतीत मुलांच्या ‘ईनी मीनी’ गाण्यात काळ्या माणसांना दिलेली शिवी आहे. अमेरिकन प्रतीत तिथे ‘सेलर’ केलंय. आधीच सांगून ठेवा, हॉलमध्ये अचानक आली तर पुढची पाच मिनिटं कुणी हसत नाही.

पडदानशीन
हे माहीत नव्हतं, सांगेन. त्या काळी सिनेमाचं स्वागत कसं झालं?

बाल्कनी_डावीकडून
१९४९च्या वसंत-उन्हाळ्यात ईलिंगचे ‘पासपोर्ट टू पिमलिको’, ‘व्हिस्की गलोअर!’ आणि हा, असे तिन्ही पाठोपाठ लागले. सर्वोत्तम ब्रिटिश चित्रपटाच्या बाफ्टा नामांकनात तिन्ही होते, पारितोषिक ‘द थर्ड मॅन’ने नेलं. पन्नास वर्षांनी ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या शंभर चित्रपटांच्या यादीत हा सहावा आला. ‘लेडीकिलर्स’ तेरावा.

लोक ईलिंग म्हटलं की शेजारपाजारचे प्रेमळ खोडकर धरतात. पिमलिकोला ते लागू पडतं, हेमरला अजिबात नाही. इथे कुणी कुणावर प्रेम करत नाही, सगळे एकमेकांशी अतिशय नीट बोलतात.

आणि तिकीट किंवा वर्गणी लावणार असाल तर घरगुती डिस्कवर खेळ करू नका. ईलिंगच्या चित्रपटांचे हक्क स्टुडिओकॅनलकडे आहेत, त्यांना आत्ताच मेल टाका. महिनाअखेर म्हणजे फार दिवस नाहीत.