प्रीकॅल्क्युलस वगळून थेट कॅल्क्युलस घेतलं तर चालेल का?

जिज्ञासू_क्ष
बीजगणिताचे दोन्ही कोर्स झालेत, मार्क चांगले आहेत. त्रिकोणमिती मात्र काटकोन त्रिकोणापुरतीच. प्रीकॅल्क्युलसचा अभ्यासक्रम चाळला तर निम्मी उजळणीच दिसते. सत्र सुरू व्हायला आठ आठवडे आहेत. थेट कॅल्क्युलस घेऊ का?

छेदस्थान
मार्कांवरून ठरवू नका. पुस्तक आणि कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून ही चार गणितं तासाभरात सोडवून बघा.

१) फ(क्ष) = १/क्ष. [फ(क्ष+ह) − फ(क्ष)]/ह हे इतकं सोपं करा की छेदातला सुटा ह कटून जाईल.
२) साइन २क्ष = कॉस क्ष. ० ते २पाय मधली सगळी उत्तरं.
३) लॉग क्ष + लॉग(क्ष − २) = लॉग ३.
४) (क्ष² − ४)/(क्ष² − ५क्ष + ६) चा आलेख, हाताने.

पहिल्याचं उत्तर −१/[क्ष(क्ष+ह)]. दुसऱ्याची उत्तरं चार: पाय/६, पाय/२, ५पाय/६, ३पाय/२. दोनच आली तर समजा की दोन्ही बाजूंना कॉस क्षने भागलंत. तो शून्य असतो तिथली उत्तरं त्यातच गेली. तिसऱ्याचं ३; −१ बाद, कारण ऋण संख्येचा लॉग इथे चालत नाही. चौथ्यात क्ष = ३ला असिम्प्टोट (आलेख जिच्या जवळ जवळ जातो पण जिला टेकत नाही अशी उभी रेषा) आहे, क्ष = २ला मात्र नुसतं छिद्र, (२, −४) या बिंदूवर.

त्रिज्या
कॅल्क्युलसचे नियम मोजकेच असतात, मार्क जातात ते त्याआधीच्या आणि नंतरच्या बीजगणितात. (√(क्ष+९) − ३)/क्ष ची क्ष → ० ला लिमिट काढायचीय. शून्य घातलं की ०/०. वर-खाली √(क्ष+९) + ३ने गुणा, वर नुसता क्ष उरतो, खालच्या क्षशी कटतो, मग शून्य घाला: १/६. यात कॅल्क्युलस फक्त शेवटच्या पायरीत आहे. √(क्ष²+९) म्हणजे क्ष+३ असं घाईत लिहिणारे तर प्रत्येक वर्गात सापडतात.

शिवाय रेडियन, म्हणजे कोन मोजायचं दुसरं एकक (१८० डिग्री = पाय रेडियन). साइनचा डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर) कॉस, हे फक्त रेडियनमध्ये खरं. कोन डिग्रीत असेल तर पाय/१८० हा गुणक चिकटतो. आणि साइन(क्ष²) नि (साइन क्ष)² यांत आत कोण, बाहेर कोण हे पटकन दिसत नसेल तर चेन रूल (फंक्शनच्या आत फंक्शन असताना डेरिव्हेटिव्ह काढायचा नियम) कितीही घोका, चुकणारच.

अर्धवर्तुळ
थोडी असहमती. पहिला कॅल्क्युलस अशा तयारीवर रेटता येतो, खरी अडचण दुसऱ्यात येते. साइन² क्ष इंटिग्रेट करायला ते (१ − कॉस २क्ष)/२ असं लिहिता आलं पाहिजे. पार्शल फ्रॅक्शन, पूर्ण वर्ग करणं, भूमितीय श्रेणीची बेरीज, हे सगळं तिथे गृहीत धरलेलं असतं. मॅट्रिक्स आणि शंकुच्छेद तूर्त सोडलेत तरी चालेल.

जिज्ञासू_क्ष
पहिलं, तिसरं जमलं. दुसऱ्यात दोनच उत्तरं आली, चौथ्यात २लाही असिम्प्टोट काढला. युनिट सर्कल (त्रिज्या १ असलेलं वर्तुळ, ज्यावरून साइन-कॉस काढतात) शिकवलंच नव्हतं. आठ आठवड्यांत भरून निघेल?

छेदस्थान
रोज तास-दीड तास दिलात तर निघेल. बीजगणित ठीक दिसतंय, भोक त्रिकोणमितीत आहे. पहिले चार आठवडे तिलाच द्या. युनिट सर्कलवरचे सोळा कोन रेडियनमध्ये, साइन-कॉस न अडखळता. सूत्रं तीनच पाठ करा: साइन² + कॉस² = १, साइन(अ+ब), कॉस(अ+ब). बाकीची त्यातून काढता येतात, आणि काढण्याचा सराव हाच अभ्यास.

मग दोन आठवडे परिमेय फंक्शनं: आधी अवयव पाडा, कटणारे अवयव म्हणजे छिद्रं, छेदात उरलेले म्हणजे असिम्प्टोट. सातव्या आठवड्यात लॉग, घातांकी फंक्शनं आणि शाब्दिक गणितं. उदाहरणार्थ, ठरावीक घनफळाच्या (घ) बंद गोल डब्याचं पृष्ठफळ फक्त त्रिज्येत (त्र) मांडा: २पाय त्र² + २घ/त्र. कमाल-किमानच्या गणितांत बहुतेक जण डेरिव्हेटिव्हच्या आधी, याच मांडणीत अडकतात.

आठव्या आठवड्यात आकडे बदलून हीच चार गणितं पुन्हा सोडवा. दुसरं तेव्हाही अडलं तर मुकाट्याने प्रीकॅल्क्युलस घ्या.

त्रिज्या
एक राहिलं: प्रवेश-चाचणीची अट आहे का आणि कोर्स बदलायची शेवटची तारीख कोणती, हे आधीच विचारून ठेवा. पहिली परीक्षा त्या तारखेनंतर असेल तर तिच्या मार्कांची वाट बघत बसू नका. पहिल्या दोन आठवड्यांच्या गृहपाठात बीजगणितासाठी किती वेळ जातोय ते बघा.