सांतियागोच्या पुढे समुद्रापर्यंत चालावे की चालू नये?

रानवाटा

काल मुक्कामपोस्ट यांचे 'कमिनो सांतियागोलाच संपतो' हे टिपण वाचले. कमिनो म्हणजे स्पेनमधील सांतियागो येथील संत जेम्सच्या कबरीपर्यंतची पायी यात्रा. फ्रान्समधील सें-जां-पिए-द-पोरपासून सुमारे 780 किलोमीटर चालून सांतियागोला पोचल्यावर पुढे समुद्रकाठच्या फिस्तेरा आणि मुशियापर्यंत पायी जाणे ही यात्रा नसून निव्वळ सहल आहे, आणि ज्यांना समुद्रच पाहायचा असेल त्यांनी सकाळच्या बसने जाऊन संध्याकाळी परत यावे, असे त्यांनी त्यात लिहिले आहे. 'चार दिवस वाया घालवू नका' हे त्यांचे शेवटचे वाक्य मला इतके बोचले की सविस्तर उत्तर दिल्यावाचून राहवत नाही.

ज्या संताच्या कबरीसाठी आपण महिनाभर पाय झिजवतो, त्याचे शव परंपरेनुसार समुद्रमार्गेच गॅलिशियाला, म्हणजे सांतियागो ज्या प्रांतात आहे तेथे, आले. यात्रेकरू पाठीवर मिरवतो तो शिंपलाही त्याच किनाऱ्याचा आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस आर्मेनियाचा बिशप मार्तिरोस सांतियागोचे दर्शन घेऊन फिस्तेरापर्यंत गेला आणि त्या वाटेवर आपल्याला 'वाकनेर' नावाचे भयंकर श्वापद भेटल्याचे त्याने लिहून ठेवले. सतराव्या शतकात बोलोन्याचा धर्मगुरू दोमेनिको लाफी हाही तेथवर गेला. या दोघांनाही आपण सहलीला आलेले प्रवासी म्हणणार आहोत का?

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. सांतियागोच्या कॅथेड्रलसमोरच्या ओब्रादोइरो चौकात पोचलो तेव्हा मला आनंद होण्याऐवजी एकदम रिकामे वाटले, कारण चौकात छायाचित्रांसाठी झुंबड होती, प्रमाणपत्रासाठी रांग होती आणि महिनाभर सोबत चाललेली माणसे तासाभरात पांगली. दुसऱ्या दिवशी पहाटे मी फिस्तेराच्या दिशेने नेग्रेइरा गावाची वाट धरली. पोंते मासेइराचा जुना दगडी पूल ओलांडताना माझ्या मागेपुढे कोणीही नव्हते. वडील गेल्यापासून जे रडू अडकून राहिले होते ते सेए या किनारी गावाच्या वरच्या चढावरून पहिल्यांदा समुद्र दिसला तेव्हा मोकळे झाले. हे मला बसच्या खिडकीतून मिळाले असते असे मला वाटत नाही.

मुक्कामपोस्ट

आपल्या वडिलांविषयीच्या भावनेचा मी आदर करतो. परंतु व्यक्तिगत दुःख हलके झाले म्हणून ती वाट यात्रेचा भाग ठरत नाही. कॉम्पोस्तेला प्रमाणपत्र कबरीपर्यंतच्या शेवटच्या किमान 100 किलोमीटर पायपिटीसाठी दिले जाते, यावरूनच गंतव्य कोणते ते स्पष्ट होते. फिस्तेराला सूर्यपूजेची वेदी होती आणि कमिनो मुळात त्या वेदीकडेच जात असे, हे मी प्रत्येक चर्चेत ऐकत आलो आहे. त्या वेदीचा ठोस पुरावा कोणीही दाखवलेला नाही. आपण तो मुद्दा काढला नाही, एवढे मात्र मान्य करतो. पंढरपूरला पोचलेला वारकरी समुद्र पाहण्यासाठी पुढे कोकणात उतरत नाही.

उत्तररात्र

वारीचे उदाहरण आपण स्वतःच्याच विरोधात दिले आहे. एकादशीला दर्शन झाल्यावर वारी संपत नाही. पौर्णिमेला गोपाळपूरला काला होतो आणि त्यानंतरच पालख्या परतीला लागतात. मुख्य दर्शन झाल्यावर मन खाली उतरवण्यासाठी आणखी थोडे चालावे लागते, हे आपल्या परंपरेला ठाऊक आहे.

मुक्कामपोस्ट

काला हा वारीच्या नेमातच बसतो, फिस्तेरा कमिनोच्या नेमात बसत नाही. तरीही गोपाळपूर माझ्या लक्षात आले नव्हते, हे कबूल करतो.

सागरिका

मला वादात पडायचे नाही, पण फिस्तेराच्या भूशिरावरचा माझा अनुभव सांगावासा वाटतो. दीपगृहाजवळ 0.0 किलोमीटरचा दगड आहे आणि त्याच्या पलीकडच्या खडकांवर मी माझे फाटलेले मोजे आणि एक सदरा जाळला. जुने आयुष्य मागे टाकण्याची ती रीत आहे असे सोबतच्या यात्रेकरूंनी सांगितले होते. तो क्षण मी कधीही विसरणार नाही.

दोनकाठ्या

तो क्षण तेथील गवतही विसरणार नाही. भूशिरावर काहीही जाळण्यास मनाई आहे. गॅलिशियात 2017 च्या ऑक्टोबरमध्ये वणव्यांनी माणसांचे बळी घेतले, आणि त्या टोकावर वारा कसा असतो हे आपण स्वतः अनुभवले आहे. आजचे कपडे आणि बूट कृत्रिम धाग्यांचे आणि रबराचे असतात. ते पूर्णपणे जळत नाहीत, वितळून खडकाला चिकटून बसतात. मी तेथे बसून चाकूने असा वितळलेला गोळा खरवडला आहे आणि अर्ध्या तासात तळहाताएवढी जागाही साफ झाली नाही.

सागरिका

मनाईचे मला खरोखर माहीत नव्हते. तेथे आधीच काळवंडलेल्या जागा होत्या आणि चार जण तेच करत होते. आपण मला गुन्हेगार ठरवत आहात.

दोनकाठ्या

चार जण करत होते हेच तर दुखणे आहे. प्रत्येकाला आपला सदरा पहिला आणि शेवटचा वाटतो. त्या किनाऱ्याने 2002 च्या नोव्हेंबरमध्ये 'प्रेस्टीज' या बुडालेल्या तेलवाहू जहाजाचे तेल सोसले आहे आणि देशोदेशीच्या स्वयंसेवकांनी हातांनी ते काळे चिखल उपसले आहे. मुशियाला त्याची आठवण म्हणून दुभंगलेली प्रचंड शिळा उभी आहे आणि तिचे नावच 'जखम' असे आहे. ती पाहून आलेला माणूस त्याच किनाऱ्यावर रबर कसे जाळतो, हे मला समजत नाही.

रानवाटा

दोनकाठ्या, आपले म्हणणे शंभर टक्के खरे आहे, पण सूर थोडा खाली घ्यावा. सागरिका यांनी माहिती नसताना केले आणि येथे प्रामाणिकपणे सांगितले. दोष त्या 'प्राचीन रीत' म्हणून सांगणाऱ्यांचा अधिक आहे.

सागरिका

पुन्हा गेले तर मोजे पिशवीत घालून परत आणीन. मात्र ज्या स्वरात हे सांगितले गेले त्याचे मला दुःख झाले आहे, हेही नोंदवते.

दोनकाठ्या

स्वर कठोर होता, हे मान्य आहे. मुद्दा मागे घेत नाही.

मुक्कामपोस्ट

माझा आक्षेप नेमका हाच होता. नेम नसलेल्या वाटेवर लोक मनाला येईल तो विधी रचतात. याशिवाय एक व्यावहारिक अडचण कोणीच बोलत नाही. आपल्याला शेंगेन व्हिसा काढावा लागतो, त्यासाठी परतीचे तिकीट आधी ठरवावे लागते, आणि 'पोचल्यावर बघू' म्हणणारी माणसे सांतियागोला येऊन अडकतात. माझ्या सोबतच्या एका गृहस्थांची नडगी सुजली होती आणि त्यांच्या हाती तीनच दिवस उरले होते. तरीही ते हट्टाने निघाले, वाटेतल्या ओल्वेइरोआ गावी पाय टाकवेनासा झाला आणि तेथून टॅक्सी करून विमान गाठावे लागले. माझ्या टिपणातले 'वाया' त्यांना पाहून आलेले आहे.

रानवाटा

हे आपण टिपणात लिहिले असते तर मी इतका चिडलो नसतो. आपल्या गृहस्थांना वाटेने नाही, घाईने दगा दिला. नेग्रेइरा ते ओल्वेइरोआ हा टप्पाच तेहतीस किलोमीटरच्या आसपास आहे आणि सुजलेल्या पायाने तो एका दिवसात करायचाच नसतो. माझे म्हणणे एवढेच आहे की समुद्र हा शेपटासारखा जोडायचा नाही, तो पहिल्या दिवसापासून हिशेबात धरायचा. फिस्तेरापर्यंत सुमारे 90 किलोमीटर, तेथून लिरेसमार्गे मुशियापर्यंत आणखी तीसेक. म्हणजे चालण्याचे पाच दिवस, बसने परतण्याचा एक आणि पायांसाठी राखीव एक, असे सात दिवस व्हिसाच्या अर्जातच धरावेत. ते जमत नसेल तर सांतियागोला थांबणे चांगले, हे मीही मान्य करतो.

उत्तररात्र

ओस्पिताल गावाच्या पुढे वाट फुटते तेथे डावीकडे फिस्तेरा आणि उजवीकडे मुशिया आहे. मी आधी फिस्तेराला गेलो आणि मुशियाला शेवट केला, तो क्रम मला योग्य वाटला. फिस्तेराला सूर्यास्तासाठी गर्दी असते, मुशियाला लाटांखेरीज काही ऐकू येत नाही. बार्का मातेचे देऊळ 2013 च्या नाताळच्या दिवशी वीज पडून आतून जळाले होते, त्याच्या पायरीवर मी दोन तास बसून होतो. ओस्पितालनंतर सेए येईपर्यंत पंधराएक किलोमीटर खाण्यापिण्याची सोय नाही, तेव्हा पाणी आधीच भरून घ्यावे.

सागरिका

आणि पोहायचे असेल तर फिस्तेराजवळच्या लांगोस्तेइराच्या पुळणीवर उतरावे. पलीकडच्या मार दे फोराला पाण्यात जाऊ नये, ती बाजू उघड्या महासागराची आहे.

मुक्कामपोस्ट

टिपणातील शेवटचे वाक्य काढून त्या जागी सात दिवसांचा हिशेब आणि जाळण्यावरील मनाई लिहितो. शीर्षक बदलणार नाही.

रानवाटा

शीर्षकावर आपले मतभेद राहू द्या. हिशेबात पावसासाठी एक दिवस वाढवावा, कारण मला नेग्रेइराच्या पुढे दोन दिवस सलग पाऊस लागला होता आणि बूट मुशियापर्यंत वाळले नाहीत.