काळक्रम म्हणजे कथन नव्हे

‘घटना काळाच्या क्रमाने मांडल्या की कथन होते’ हे मत मला अपुरे वाटते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा माझे वडील दर दोन तासांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर वेळ आणि फूट लिहीत होते. क्रम अचूक होता, पण ती नोंदच राहिली. पाणी ओसरल्यावर त्यांनी समासात एक ओळ लिहिली: ‘पाणी तिसऱ्या पायरीला लागले, तरी ही देव घेतल्याशिवाय निघेना, म्हणून नाव परत गेली.’ (‘ही’ म्हणजे माझी आई.) त्या ‘तरी’ आणि ‘म्हणून’मुळे आकड्यांमागे माणसे उभी राहिली. विशेष म्हणजे, ही ओळ क्रम मोडून, सर्वांत शेवटी लिहिलेली आहे.