जुना प्रोग्राम, नवं मशीन: कोणता पॅच लागला?

धरमपेठ (नागपूर), धागा सुरू करतोय
विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. माझ्या ओळखीतले बरेच जण मशीन बदलताहेत आणि रोजचे प्रोग्राम अडताहेत. एरर काय आली, पॅच (दुरुस्तीची छोटी फाइल) कोणता टाकला, आधी काय आणि मग काय, हे सविस्तर लिहा. ‘फॉरमॅट मारून घ्या’ एवढाच सल्ला नको.

महाल, डीटीपी
आमच्या एका विंडोज ७ मशीनवर रुपयाच्या चिन्हाऐवजी रिकामा चौकोन यायचा. चिन्ह २०१० चं, विंडोज ७ त्याच्या आधीची. मायक्रोसॉफ्टचा केबी२४९६८९८ हा पॅच टाकला आणि चिन्ह उमटलं. मात्र ते फक्त विंडोजच्या स्वतःच्या फॉन्टमध्ये. मराठीच्या जुन्या, युनिकोड (सगळ्या लिप्यांची सामायिक अक्षर-पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये ते चिन्हच नाही, तिथे पॅच काय करणार? दरपत्रकात तेवढ्या अक्षरापुरता फॉन्ट बदलतो.

सक्करदरा, पीसी दुरुस्ती
माझ्याकडे सगळ्यात जास्त येते ती ‘एपीआय-एमएस-विन-सीआरटी’नं सुरू होणारी डीएलएल (प्रोग्रामला लागणारी जोडफाइल) सापडत नाही, ही तक्रार. मशीन बहुतेक विंडोज ७ चं. गिऱ्हाईक कुठून तरी तेवढी एकच फाइल उतरवून विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरमध्ये टाकून आणते. कृपा करून असं करू नका! ती फाइल कोणी बनवली, आत काय आहे, काही कळत नाही, अन् एक टाकली की दुसरी मागते.
आधी विंडोज ७ चा सर्व्हिस पॅक १ (बऱ्याच अपडेटचा एकत्र गठ्ठा) पाहिजे. मग मायक्रोसॉफ्टचा केबी२९९९२२६ हा पॅच. मग व्हिज्युअल सी++ २०१५ रीडिस्ट्रिब्युटेबल (प्रोग्रामला लागणाऱ्या डीएलएलचा मायक्रोसॉफ्टचा संच). ३२ बिटच्या मशीनवर ६४ बिटचा पॅच चालवला किंवा सर्व्हिस पॅक नसला, की ‘नॉट ॲप्लिकेबल’ येते. लोकांना वाटते पॅचच खराब आहे. सुरू करायच्या आधी रिस्टोअर पॉइंट (बिघडलं तर आधीच्या स्थितीला परत जायची सोय) घ्या. अन् मे महिन्यात यूपीएसशिवाय हात लावू नका, पॅच अर्ध्यात असताना लाइन गेली तर विंडोज उठतच नाही कधीकधी.

इतवारी, ठोक व्यापार
आमचं बिलिंग डॉसवरचं (विंडोजच्या आधीची सिस्टिम), १६ बिट. ६४ बिट विंडोजवर ते चालत नाही, आणि त्याला पॅचही नाही. पैसे घेऊन ‘पॅच मारून देतो’ म्हणणाऱ्यांपासून सांभाळा. विंडोज ११ तर ३२ बिटमध्ये येतच नाही. जुनी बिलं पाहायला डॉसबॉक्स (डॉसचे प्रोग्राम चालवून देणारा प्रोग्राम) ठेवलाय, नवं काम दुसऱ्या प्रोग्रामवर नेलं.

नंदनवन
प्रोग्राम डॉटनेट ३.५ (काही प्रोग्राम चालायला लागणारा मायक्रोसॉफ्टचा संच) मागत असेल तर वेगळं काही शोधू नका. विंडोज १० मध्ये ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’मध्ये टिक करा, इंटरनेट चालू ठेवा.
सक्करदरावाले भाऊ, सर्व्हिस पॅक आहे का नाही, कुठं दिसते?

सक्करदरा
विंडोजची कळ आणि आर दाबा, ‘विनव्हर’ लिहून एंटर मारा. सर्व्हिस पॅक १ असला तर तिथंच लिहून येते. ३२ का ६४ ते कॉम्प्युटरच्या प्रॉपर्टीजमध्ये पाहा.