लाकडातली लाट फोटोत येतच नाही (पूल क्यूसाठी येन म्हणजे ऐनाचं लाकूड विकायचं आहे)

आलापल्लीकर
नमस्कार मंडळी. आमचं घरचं सुतारकाम आहे, गडचिरोली जिल्ह्यात. इकडे कोणी जुनं घर पाडलं की आम्ही मयाल (तुळया), खांब विकत घेतो आणि त्यात कधीकधी येनाचा असा तुकडा निघते की रंधा मारला का आडव्या लाटाच लाटा, हातात घेऊन फिरवला तर त्या सरकतात पण. पुण्याचा एक पोरगा पूल (टेबलावरचा बॉलचा खेळ) खेळायच्या काठ्या म्हणजे क्यू बनवतो, त्याले दीड इंच चौरस आणि दीड फूट लांब असे तुकडे पाह्यजेत, मुठीच्या वरच्या भागासाठी. मी फोटो पाठवून राहिलो तर तो म्हणते भाऊ हे तर प्लेन लाकूड आहे. फ्लॅश मारला तर मधात पांढरा डाग पडते, बंद केला तर नुसती चॉकलेटी पट्टी. मोबाईल साधाच आहे पण प्रो मोड आहे त्यात. याच्यासाठी मोठा कॅमेरा घ्यावा लागते का? सांगा न कोणी.

फोटोवाला_वरुड
कॅमेरा घेऊ नका भाऊ, पैसे वाचवा. लाइट कुठून येऊन राहिला एवढंच पहा, बाकी सगळं नंतर.

त्या लाटा म्हणजे रंग नाही, तंतूंचा उतार आहे. येनाचे तंतू सरळ न जाता वरखाली नागमोडी जातात, रंध्याने पृष्ठभाग सपाट केला तरी आतले तंतू कुठे चढते तर कुठे उतरते राहतात, मग लाइट एका उतारावरून तुमच्या डोळ्यात येतो अन् दुसऱ्यावरून भलतीकडे जातो. धानाच्या बांधीवर वारा आला की उजळ-काळे पट्टे पळतात न, पातं तेच फक्त वाकणं वेगळं, तसं आहे हे. आता फ्लॅश असते लेन्सच्या बाजूलाच, म्हणून तो समोरून सपाट पडते आणि वरचा गुळगुळीतपणा तेवढा चमकवते. ट्यूबलाइट अन् वरून टिनाचा उजेड असला तर लाइट चारही बाजूंनी येते, सगळे उतार सारखेच उजळतात आणि लाट संपली.

तर असं करा. गोदामाचं एकच दार उघडं ठेवा, बाकी खिडक्या बंद, ट्यूब बंद. तुकडा जमिनीवर असा ठेवा की त्याचं टोक दाराकडे राहील, आडवा नको. लाइट लांबीच्या दिशेने अन् खालून तिरपा आला पाह्यजे, तेव्हा प्रत्येक लाटेची एक बाजू उजळ अन् दुसरी काळी दिसते. बाजूने म्हणजे रुंदीकडून लाइट दिला तर येनावर लाट निम्मीच दिसते, बरेच लोक तिथेच गडबडतात. मोबाईल बरोबर वर धरा, 2x वर, थोडा लांबून, नाहीतर जवळून वाइडने तुकडा मधात फुगल्यासारखा दिसते. फोकस अन् एक्स्पोजर लॉक करा, एक्स्पोजर थोडं खाली ओढा. एचडीआर अन् ते एआय सीन वगैरे बंदच, ते काळा-उजळ फरक स्वतःच भरून टाकते.

आता तोच तुकडा न हलवता लाइट दुसऱ्या टोकाकडून द्या (दुसरं दार उघडा, नाहीतर तुकडाच उलटा फिरवा), पट्टे अदलाबदल होतात. काळा होता तो उजळ. हे दोन फोटो शेजारी-शेजारी पाठवले की समोरच्याले समजते की हा डाग नाही, लाट आहे.

नऊबॉल
वरच्या भाऊंनी लाइटचं बरोबर सांगितलंय. मी घेणाऱ्या बाजूने बोलतो, कारण क्यूसाठी लाकूड मीही घेतो आणि फोटो बघून बघून डोळे गेले.

एक फोटो कधीच पुरत नाही. चौकोनी तुकड्याच्या चारही बाजू पाहिजेत, कारण अशी आडवी लाट एका जोडीवर जोरात दिसते आणि शेजारच्या जोडीवर फिकी पडते, खराद मशीनवर गोल केल्यावर दोन्ही दिसणार आहेत. दोन्ही टोकांचे फोटो पण, टोक जरा घासून, म्हणजे वर्तुळं आणि भेग कळते. टोकांना मेण लावलेलं असेल तर तसं सांगा. आणि शेजारी टेप ठेवा, किंवा १० चं नाणं, ते २७ मिमीचं असतं.

लाट जास्त म्हणजे लाकूड जास्त वाकण्याची भीती, ते पण सांगतो. म्हणून बरेच क्यूवाले लाटेच्या लाकडाला आतून भोक पाडून सरळ रेषेची मेपलची (विलायती लाकूड) काठी बसवतात, वरचं आवरण फक्त दिसायला. क्यूची लांबी साधारण ५८ इंच, पुढची निमुळती शाफ्ट तर बहुतेक सरळ हार्ड मेपलचीच, तिथे लाट नकोच असते. अमेरिकेत कर्ली (लाटेचं) आणि बर्ड्स-आय (बारीक ठिपक्यांचं) मेपल इतकं वापरतात की येन बघून पोरगं खूश व्हायला पाहिजे होतं, फोटो नीट मिळाले असते तर.

(आणि हो, स्नूकर (तोही क्यूनेच खेळतात) सुरू झाला तो १८७५ मध्ये जबलपूरच्या ब्रिटिश छावणीत, म्हणजे तुमच्यापासून फार लांब नाही, आणि आपल्याच जंगलातलं येन क्यूत फारसं दिसत नाही, याचं मला नवल वाटतं.)

खरादी_काका
फोटोवाल्या भाऊच्या सांगण्यात एक जोडतो. पॉलिश केलेल्या तुकड्यावर वरची चमक अन् आतल्या तंतूंची चमक ह्या दोन वेगळ्या कोनांत निघतात. म्हणून पॉलिशमध्ये काय दिसून राहिलं ते पहा आधी, पत्र्याचं छत दिसत असेल तर तिथे काळी घोंगडी लटकवा, वरची चकाकी गेली अन् तंतूंची राहिली. लेन्सवर एकटा पोलरायझर (चकाकी कापणारी काच) चालते, पण लाइटवरही तसलीच फिल्म लावून दोन्ही उलटे फिरवले तर लाकडाची जानच जाते, ते नुसता रंग दाखवायला ठीक, लाटेसाठी नाही.

अन् लाट उठून दिसावी म्हणून थिनर पुसून फोटो काढायचा प्रकार लय चालते. काढा ना, पण खाली "थिनर पुसलेलं" असं लिहा, अन् एक कोरडा फोटोही लावा, नाहीतर तुकडा पोहोचल्यावर मग शिव्या खाव्या लागतात. पाण्याने पुसू नका, रेषा उठतात. उन्हात तर बिलकुल नका ठेवू, आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन म्हणजे येन तडकते, ते लाकूड सुकतानाच तसंही नखरे करते.

शिसम असलं तर अजून एक. शिसमच्या डालबर्जिया वंशातली सगळी झाडं २०१७ च्या जानेवारीपासून सीआयटीईएसच्या (दुर्मीळ झाडं-प्राण्यांच्या परदेशी व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहेत, बाहेरदेशी कच्चा तुकडा पाठवायचा विचार कराल तर आधी वनविभागाला विचारा. सागाचंही वाहतूक परवान्याचं असतेच. बाहेरून कोणी मागितलं तर उत्साहात पॅक करून टाकू नका.

आलापल्लीकर
बाप्पा, टोक दाराकडे केलं अन् दिसलं हो. बाबा म्हणे हे तर मले रोज दिसते, फोटोत कसं आलं. त्या पोराले दोन्ही दिशांचे फोटो पाठवले, आता भाव विचारून राहिला. शिसम नाही माझ्याजवळ, येन अन् थोडं तिवस आहे. एक विचारतो, त्याने एक तयार क्यू पाठवला मापासाठी, तो गोल अन् चमकदार, त्यावर कसाही फोटो काढला तरी लांबच लांब पांढरी रेघ येते, ती कशी घालवायची?

फोटोवाला_वरुड
ती पूर्ण जात नाही, गोल वस्तूवर कुठेतरी ती राहतेच. तिले कामाला लावा. दारावर पांढरी चादर ताणून लावा, क्यू दाराला समांतर ठेवा, म्हणजे रेघ रुंद अन् मऊ होते अन् एका कडेला सरकते, आणि मग क्यूच्या एका टोकाकडून छोटा टॉर्च तिरपा मारा, लाटेसाठी तेवढा पुरते. टॉर्च पिवळा नको, दाराच्या उजेडाच्या रंगाचा घ्या, नाहीतर एकाच क्यूवर निळं अन् पिवळं दोन्ही येईल. बाजूला निळी ताडपत्री असली तर काढा, ती पॉलिशमध्ये दिसते.