रावळगावच्या गोळ्यांचे संग्रहालय गावातच करायचे असेल, तर सुरुवात कशापासून करावी?

गिरणाकाठ (प्रश्न)
मालेगाव तालुक्यातील रावळगाव येथे वालचंद हिराचंद यांनी १९३३ मध्ये साखर कारखाना उभारला आणि चाळीसच्या दशकात तेथे चघळायच्या साखरेच्या गोळ्याही बनू लागल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'पान पसंद', 'मँगो मूड', 'कॉफी ब्रेक' ही या गोळ्यांची नावे त्यांच्या पाककृतींसह रिलायन्स कन्झ्युमर प्रॉडक्ट्सने २७ कोटी रुपयांना घेतली; जमीन, इमारती व यंत्रसामग्री या व्यवहारात नव्हती. नावे गेली, तरी ती ज्यांच्या हातून घडली ती माणसे अजून आसपास आहेत. आम्हा काही जणांना एका खोलीचे छोटे संग्रहालय करायचे आहे. हाताशी काही डबे, वेष्टने आणि वडिलांच्या पिढीची ओळखपत्रे आहेत. प्रथम काय करावे, आणि ही नावे भिंतीवर लावण्यास कोणाची परवानगी लागेल काय?

दप्तरखाना
खोली नंतर पाहा, आधी नोंदवही करा. प्रत्येक वस्तूला क्रमांक देऊन ती कोणाकडून, कधी, देणगी म्हणून की काही काळापुरती मिळाली, हे देणाऱ्याच्या सहीसह लिहून ठेवा, कारण दहा वर्षांनी त्या घरातील पुढची पिढी वस्तू परत मागायला आली की हाच कागद वाद मिटवतो. वेष्टनांना लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका आणि सुरकुत्या काढण्यासाठी इस्त्री तर मुळीच फिरवू नका. आम्लरहित कागदात सपाट ठेवून ती उन्हापासून लांब ठेवा. आत गोळी असलेले वेष्टन कितीही मोहक वाटले, तरी ते इतर कागदांपासून वेगळ्या बंद डब्यात ठेवावे, नाही तर पावसाळ्यात साखरेला पाणी सुटते आणि सगळ्या संग्रहाला मुंग्या लागतात.

कायदापान
आपल्या मालकीचे जुने डबे इतिहास म्हणून मांडणे ही एक गोष्ट, आणि त्यांवरचे व्यापारचिन्ह (ट्रेडमार्क) छापून कप, पिशव्या किंवा गोळ्या विकणे ही दुसरी. व्यापारचिन्हाचा प्रश्न मुख्यतः दुसऱ्या ठिकाणी येतो, तेव्हा विक्रीचा विचार असल्यास आताच्या मालकांची लेखी परवानगी घ्यावी. संग्रहालयाच्या नावातही ते चिन्ह टाळलेले बरे. 'रावळगाव' हे गावाचेही नाव असल्याने तेथे वकिलाचा सल्ला घ्यावा. जुन्या छायाचित्रांचे हक्क वेगळे तपासावे लागतील. संग्रहालयाची विश्वस्त संस्था (ट्रस्ट) म्हणून नोंदणी केल्यास संग्रह कोणा एकाच्या घरचा राहणार नाही.

ऊसमळा
वरील सल्ला उपयोगाचा आहे, पण माझी शंका संग्रहालयात काय असावे याविषयी आहे. कंपनीचे नाव 'रावळगाव शुगर फार्म' होते, म्हणजे गोष्ट गोळीपासून नव्हे, शेतापासून सुरू होते. संस्थापकाची मोठी तसबीर आणि खाली रंगीत कागदांची माळ एवढेच केले, तर ते जाहिरातीचे दालन होईल. ऊस कोणी लावला, तोडणीला कोण येत असे, पाकाच्या कढईपाशी उभ्या असलेल्या माणसाला पाक उतरवण्याची वेळ कशावरून कळे, कारखान्याचा भोंगा झाला की गावात काय होई, हे विचारा. पाककृती विकली गेली असेल, पण हाताचा अंदाज त्या करारात नसणार. जी माणसे आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत, त्यांचे ध्वनिमुद्रण डबे गोळा करण्याच्याही आधी व्हावे. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असल्याने तिचे वार्षिक अहवालही पाहता येतील. त्यांतील नफा-तोट्याशेजारी कामगारांच्या आठवणी ठेवून पाहा.

गिरणाकाठ
आपणा सर्वांचा आभारी आहे. गोळी घातलेली तीन वेष्टने आजच वेगळ्या डब्यात काढली. येत्या रविवारी एका निवृत्त पाकवाल्या काकांकडे मोबाइल घेऊन जात आहोत. त्यांना ऐकायला कमी येते, म्हणून प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहून नेणार आहोत. त्यांची संमती लिहून घ्यावी, की ध्वनिमुद्रणातच बोलून घेतलेली चालेल?

दप्तरखाना
दोन्ही घ्या. बोलताना तारीख, ठिकाण आणि उपस्थितांची नावेही मुद्रणात येऊ द्या, आणि मूळ फाइल त्याच दिवशी आणखी दोन ठिकाणी उतरवून ठेवा.